घरामागचं कुरण, सुपरमार्केट आणि मत नसलेला मी (ऑस्ट्रियातल्या छोट्या गावांत राहणाऱ्यांनी लिहा)

कागलकर_इनकाठी

नमस्कार मंडळी,

ऑस्ट्रियातल्या छोट्या गावात राहणारं इथं कुणी आहे का? व्हिएन्नावाल्यांनीही जरूर लिहावं, पण तुमच्याकडचा कारभार वेगळा असतो असं ऐकलंय.

मी ओबरऑस्टराइश राज्यात, इन्फिएर्टेल भागात राहतो. गाव सहा हजारांच्या आसपास. चर्च, बेकरी, एक गास्टहाउस चालू, एक बंद, आणि कडेला कारखाना, ज्याच्यामुळे आम्ही चार-पाच भारतीय कुटुंबं इथं आलो. तिमजली भाड्याच्या घरात राहतो. घराच्या मागं उताराचं मोठं कुरण आहे. एक शेतकरी उन्हाळ्यात गवत कापून नेतो, हिवाळ्यात गावातली निम्मी पोरं तिथं घसरगाडी घेऊन असतात.

तर खालच्या मजल्यावरच्या आजींकडून बातमी आली की ते कुरण एका दुकानसाखळीला जाणार. सुपरमार्केट आणि पुढं भलंमोठं पार्किंग. गावाबाहेरच्या रस्त्यावर अशी दोन दुकानं आधीच आहेत! गेमाइंडेआम्टमध्ये, म्हणजे इथल्या पालिकेत, जाऊन विचारलं. खिडकीवरच्या बाई फार गोड बोलल्या. "वेळ आली की फलकावर लागेल." बस्स.

मग अग्निशमन दलाच्या जत्रेत ब्युर्गरमाइस्टरच, म्हणजे इथले नगराध्यक्ष, भेटले. बिअरचा मग हातात, माणूस दिलखुलास. म्हणाले, मी काय करणार, ते गावची निवडून आलेली परिषद ठरवते. त्याच टेबलावर परिषदेतले एक सभासद होते, ते नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, अहो सगळं तेच ठरवतात.

माझे वडील ग्रामपंचायत सदस्य होते. कागल तालुक्यात वाढलोय, त्यामुळे एकमेकांकडं बोट दाखवणं मला नवीन नाही. पण तिथं निदान ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. इथं माझा पासपोर्ट भारतीय, मत नाही, जर्मन कामापुरती. प्रश्न असे:

नक्की ठरवतं कोण? मत नसलेल्या माणसाच्या बोलण्याला काही किंमत असते का? आणि खरं सांगायचं तर बायकोला भीती वाटते की तक्रार केली तर पुढच्या वर्षी रोट-वाइस-रोट कार्डाच्या, म्हणजे इथं राहण्या-काम करण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणात कुणी खोडा घालेल. त्यात तथ्य आहे का?

---

व्हिएन्नातला_नाशिककर

मित्रा, सोडून दे. भाड्याचं घर आहे ना? दुकान आलं तर दूध आणायला चालत जाशील. आपण पाहुणे आहोत, त्यांच्या गावाचं त्यांना बघू दे. उगाच नावावर शिक्का बसेल.

---

सुनंदा_लिंत्सपलीकडची

वरच्या सल्ल्याकडं दुर्लक्ष कर. (तू म्हटलं तर चालेल ना? माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल.) पाहुणा कसला, इथं कर भरतोस, मुलं इथल्या शाळेत आहेत.

मी मूळची सांगलीची, लग्न करून इथं आले तेव्हा गावात मिरची विकत मिळत नव्हती. आता नागरिक आहे, आणि एका नागरी यादीतर्फे, म्हणजे मोठ्या पक्षांपैकी कुणाचीच नसलेल्या यादीतर्फे, परिषदेत राखीव सभासद म्हणून बसलेय. राखीव म्हणजे आमच्या यादीतलं कुणी आजारी पडलं, सुट्टीवर गेलं की मला बोलावणं येतं. त्यामुळे बैठकांचा अनुभव आहे आणि गर्व करण्याएवढी सत्ता नाही. लिहायला बरी जागा.

आधी बायकोची भीती. राहण्याचा परवाना गेमाइंडेआम्ट देत नाही. ते काम बेट्सिर्क्सहाउप्टमानशाफ्टचं, आपल्याकडच्या जिल्हाधिकारी कचेरीसारखं, आणि तिथला प्रमुख निवडून आलेला नसतो, राज्याचा अधिकारी असतो. तुमच्या ब्युर्गरमाइस्टरच्या हातात तुझ्या कार्डाचा कागद कधी येतच नाही. नोकरी, पगार, विमा असल्या गोष्टी तिथं बघतात. निर्धास्त राहा.

आता ठरवतं कोण. गंमत म्हणजे जत्रेतले दोघंही खरं बोलले, फक्त प्रत्येकानं अर्धं सांगितलं. कुरण आज "ग्र्युनलांड" म्हणून नोंदलेलं असणार, म्हणजे शेतीची हिरवी जमीन. त्यावर दुकान बांधायचं तर आधी जमिनीचा प्रकार बदलावा लागतो. मोठ्या दुकानासाठी साधी बांधकामाची नोंद पुरत नाही, वेगळा प्रकार लागतो. हा बदल म्हणजे फ्लेखनविडमुंग्सप्लान, गावाचा जमीनवापराचा नकाशा, बदलणं, आणि तो परिषदेच्या ठरावानंच होतो. वर लिंत्सहून राज्य सरकारची मंजुरी लागते. एकदा का प्रकार बदलला, की पुढं बांधकाम परवाना देणारा पहिला अधिकारी एकटा ब्युर्गरमाइस्टर. तो परवाना मग सहजासहजी नाकारता येत नाही, कारण नियमात बसलं तर द्यावाच लागतो. म्हणून भांडायचं असेल तर प्रकार बदलण्याच्या टप्प्यावर. परवान्याच्या टप्प्यावर लोक जागे होतात आणि मग माझ्या काउंटरवर येऊन रडतात (मी औषधाच्या दुकानात काम करते, सगळं गाव तिथं येऊन बोलतं).

परिषदेच्या बैठका खुल्या असतात. मागं खुर्च्या ठेवलेल्या असतात, बहुतेक वेळा रिकाम्या. जाऊन बसायला पासपोर्ट लागत नाही. पण ग्रामसभा डोक्यातून काढून टाक. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, टाळ्याही वाजवायच्या नसतात. विषयपत्रिका आधी फलकावर लागते, आता बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावरही. विषय नीट वाच, "फ्लेखनविडमुंग्सप्लान, बदल क्रमांक अमुक" आणि पुढं फक्त जमिनीचा गट क्रमांक एवढंच लिहिलेलं असतं. दुकानाचं नाव कधीच नसतं. हे मुद्दाम लपवलेलं नसतं, पण उपयोग तोच होतो.

बैठकीत मतदान हात वर करून होतं आणि बरेचसे ठराव एकमतानं. पहिल्यांदा बसले तेव्हा मला वाटलं यांच्यात भांडणच नाही. भांडण आदल्या आठवड्यात प्रत्येक गटाच्या खासगी बैठकीत आणि समित्यांत झालेलं असतं. परिषदेत फक्त त्याची नोंद होते. आणि विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी "आल्फेलिगेस" नावाचा विषय असतो, म्हणजे आणखी काही असेल तर. त्यात ठराव करता येत नाही, पण गावाचं खरं राजकारण तिथं ऐकायला मिळतं. कुणाच्या दारात बर्फ उपसला नाही, कुणाच्या रस्त्यावर दिवा लागत नाही, आणि मधेच कुणीतरी सहज म्हटल्यासारखं, "त्या कुरणाचं कुठवर आलं?" तेवढ्या प्रश्नासाठी थांब. लोक घड्याळं बघायला लागतात, तू बघू नकोस.

आता ब्युर्गरमाइस्टर असं का करतो. तो वाईट माणूस असेलच असं नाही, त्याला पैसे लागतात. गावाची स्वतःची अशी कमाई मुख्यतः दोन. एक कोमुनालश्टॉयर, म्हणजे गावातल्या प्रत्येक धंद्यानं वाटलेल्या पगाराच्या 3 टक्के रक्कम गावाला. दुसरी घरपट्टी, पण ती ज्या मूल्यांकनावर बेतलेली आहे त्याचा पाया 1973 सालचा! त्यामुळे तिच्यातून फारसं हाती लागत नाही. म्हणजे नवा धंदा गावात आला तरच स्वतःची कमाई वाढते. पण समज, त्या दुकानानं वर्षाला 5 लाख युरो पगार वाटला, तर गावाला मिळतात 15 हजार. यात बालवाडीची एक बाई वर्षभर ठेवता येत नाही. हा हिशेब परिषदेत कुणी तरी मोठ्यानं केला पाहिजे. शिवाय आधीच्या दोन दुकानांतलं एक त्यामुळे बंद पडलं, तर तेही वजा.

उरलेला मोठा पैसा व्हिएन्नाहून येतो. आयकर, मूल्यवर्धित कर वगैरे केंद्र गोळा करतं आणि गावांना त्यातला वाटा देतं, मुख्यतः डोक्यांवर. डोकी मोजतात हाउप्टवोनझित्स, म्हणजे मुख्य निवास कुठं नोंदला आहे त्यावरून, 31 ऑक्टोबरची तारीख धरून. आता लक्षात घे. या मोजणीत तुझं डोकं आहे, बायकोचं आहे, पोरांचं आहे. मतदार यादीत तुम्ही कुणीच नाही. ऑस्ट्रियाचा नागरिक असो, इटलीचा असो, कागलचा असो, गावाला प्रत्येकामागं तेवढेच पैसे. म्हणून "मी कोण विचारणारा" असं मनात आणू नकोस. कारखान्यामुळे आलेल्या तुम्हा चार-पाच घरांची नोंद जर उद्या शेजारच्या गावी गेली, तर तुमच्या पालिकेच्या खजिनदाराला ते कळेल.

मत कुणाला? गावाच्या निवडणुकीत ऑस्ट्रियन आणि युरोपीय संघातले, वय 16 पूर्ण. आमच्या राज्यात परिषद आणि ब्युर्गरमाइस्टर यांची निवडणूक राज्य विधानसभेबरोबर एकाच दिवशी, दर सहा वर्षांनी. मागची सप्टेंबर 2021 मध्ये झाली, पुढची 2027. म्हणजे आता कुणालाही कुरणावरून गावात गट पडायला नको आहेत. हा काळ तुझ्या बाजूचा आहे.

आता करायचं काय.

राज्याचा नकाशा आहे, नाव डोरिस, कुणालाही बघता येतो. त्यात तुझ्या घरामागचा तुकडा शोध, आज त्याची नोंद काय आहे ते बघ, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गावाच्या दीर्घ विकास आराखड्यात तिथं बाण (पुढं बांधकाम कुठं वाढवायचं ते दाखवणारे) काढलेत का ते बघ. आराखड्यातच तिथं बांधकाम धरलेलं असेल तर लढाई अर्धी हरलेली आहे. तिथंच डोंगरउताराचं पाणी पावसात कुठून वाहतं त्याचाही नकाशा मिळतो. तू लिहिलंस कुरण उताराचं आहे. मुलांच्या घसरगाड्या हा मुद्दा परिषदेत सगळ्यांना आवडेल आणि कुणी त्यावर मत बदलणार नाही. पाण्याचा मुद्दा मात्र राज्याच्या तज्ज्ञाला उत्तर द्यायला लावतो. डांबर टाकल्यावर ते पाणी कुणाच्या तळघरात जाणार, एवढंच विचार.

जमीन कुणाच्या नावावर आहे ते ग्रुंडबुखमध्ये कळतं. भूमीनोंदणीचं ते पुस्तक सगळ्यांना खुलं आहे, थोडी फी भरून उतारा काढता येतो. विक्री झालीय, की आजींनी ऐकलेली नुसती कुजबुज आहे, हे आधी बघ.

बदलाचा मसुदा साधारण चार आठवडे लोकांना बघायला ठेवतात आणि ज्याचा संबंध लागतो तो लेखी हरकत देऊ शकतो. हरकत परिषदेपुढं ठेवावीच लागते. पण एकट्या तुकड्याचा बदल असेल तर पालिका ते जाहीर ठेवणं टाळून फक्त संबंधितांना विचारून पुढं जाऊ शकते. आणि संबंधित म्हणजे त्यांच्या मते जमीनमालक. म्हणून वाट बघत बसू नकोस, आत्ताच एक पत्र दे की या गट क्रमांकाबाबत काही प्रस्ताव आला तर मला कळवा, माझं म्हणणं मांडायचं आहे.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट. बांधकाम परवान्याच्या वेळी "शेजारी" म्हणून ज्याला कायद्यानं बोलता येतं तो जमिनीचा मालक. राहत्या घराचं बांधकाम असेल तर 10 मीटरच्या आतला, दुकान-कारखान्यासारखं काही असेल तर 50 मीटरच्या आतला. मालक भारतीय असला तरी चालतो, पण भाडेकरू ऑस्ट्रियन असला तरी नाही. इथं पासपोर्टापेक्षा सातबारा मोठा! म्हणून तुझ्या घरमालकाला गाठ. त्याच्या भाड्याच्या घरांसमोर पार्किंग आणि पहाटेचे मालट्रक येणार असतील तर त्याला तुझ्याहून जास्त पोटदुखी असेल.

---

इन्सब्रुकचा_पांथस्थ

सुनंदाताईंच्या सातबाऱ्याला पुस्ती जोडतो. मी टिरोलमध्ये असतो. इथल्या छोट्या गावांबद्दल बोलणं निघालं की शहाणी माणसं लगेच वोर्गलची गोष्ट सांगतात. 1932 मध्ये मंदीत तिथला ब्युर्गरमाइस्टर, मिखाएल उंटरगुगेनबेर्गर, रेल्वेतला माणूस, त्यानं गावाचं स्वतःचं चलन काढलं. 1, 5 आणि 10 शिलिंगच्या पावत्या. दर महिन्याला तिच्यावर एक टक्क्याचं तिकीट चिकटवायचं, म्हणजे कुणी ती दाबून ठेवायची नाही. त्यातून मजुरी दिली, रस्ते-पूल झाले, थकलेले कर वसूल झाले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय बँकेनं हे बंद पाडलं. गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. पण इंटरनेटवर तिचा जेवढा उदोउदो होतो तेवढा मला पटत नाही. एक गाव, वर्षभराचा प्रयोग, त्यावरून अख्खं अर्थशास्त्र उलटं करायला निघतात लोक.

टिरोलच्या गावांचं खरं राजकारण बघायचं तर मीडर्स बघा. श्टुबाई खोऱ्यातलं छोटं गाव. आपल्याकडं गायरान असतं तशी इथं गावाची सामाईक जमीन असे, रान, कुरणं, डोंगरावरची चराई. जुन्या घरांना त्यात लाकूड तोडायचा, गुरं चारायचा हक्क. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात टिरोलमध्ये ही जमीन कित्येक ठिकाणी गावाच्या नावावरून उतरवून त्या जुन्या शेतकरी घरांच्या संघांच्या नावावर केली. आग्रारगेमाइनशाफ्ट म्हणतात त्यांना. तोवर त्यात गवत आणि लाकूडच होतं, कुणाला फरक पडला नाही. मग आले पर्यटक. त्याच जमिनीतून खडीच्या खाणी, स्कीच्या दोरगाड्यांचं भाडं, घरांचे भूखंड. पैसा संघाकडं, आणि शाळा, गटारं, रस्ते मात्र गावानं करायचे.

मीडर्सच्या प्रकरणात 2008 मध्ये घटना न्यायालयानं सांगितलं की चराईचे आणि लाकडाचे हक्क शेतकऱ्यांचे राहोत, पण जमिनीचा त्यापलीकडचा सगळा मोल गावाचा. निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. संघांचे लोकच परिषदेत, त्यांचेच चुलते अग्निशमन दलात, आणि राज्यात सत्तेत शेतकऱ्यांचा गट भक्कम. आणखी सहा वर्षं गेली. 2014 च्या कायद्यानं प्रत्येक ठिकाणी गावातर्फे एक व्यवस्थापक नेमायची तरतूद झाली, जो त्या उत्पन्नावर लक्ष ठेवतो. आजही काही गावांत दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत त्याचं कारण विचारलं तर हेच निघतं.

कागलकर, त्यामुळे आधी बघा ते कुरण विकणारा शेतकरी कोण, त्याची बहीण कुणाला दिली आहे, आणि तो कुठल्या यादीवर उभा होता. पक्षाचा रंग नंतर.

---

बाडेनवाली_अस्मिता

माझ्याकडं कामाचं काही नाही, गमतीचं आहे. आम्ही नीडरऑस्टराइशमध्ये. इथं ब्युर्गरमाइस्टर लोकांच्या मतानं थेट निवडला जात नाही, परिषदेचे सभासद निवडतात. आपल्याकडं थेट नगराध्यक्ष निवडण्याचं, सरकार बदललं की, मागं-पुढं होतं, तसं इथं राज्याराज्यांत वेगळं आहे, एवढाच फरक.

पण मतपत्रिका! जानेवारी 2025 च्या निवडणुकीआधी आमच्या पत्रपेटीत उमेदवारांनी स्वतः छापलेल्या मतपत्रिका पडत होत्या. नुसतं पत्रक नव्हे, खरी मतपत्रिका, उमेदवाराचं नाव छापलेली. ती घरून नेऊन मतपेटीत टाकली तर चालते, आणि मत मोजताना पक्षाच्या आधी माणसाचं नाव धरतात. माझ्या नवऱ्यानं (तो इथलाच) फ्रिजवर पाच जणांच्या लावून ठेवल्या होत्या, एक त्याच्या केस कापणाऱ्याची, एक फुटबॉलच्या शिक्षकाची. सासूबाई म्हणाल्या, केसवाल्याला दे, तो निदान ऐकून घेतो.

आणखी एक. पूर्वी इथं शनिवार-रविवारपुरतं घर असलेल्या व्हिएन्नाकरांनाही मत होतं. ते आता काढलं. मला मत नाहीच, त्यामुळे मला थोडं बरं वाटलं, खोटं का बोलू.

---

व्हिएन्नातला_नाशिककर

ठीक आहे, माघार. पण एक सांगतो, बाडेनच्या जवळच ट्रायस्किर्शन आहे, निर्वासितांची मोठी छावणी असलेलं. तिथला ब्युर्गरमाइस्टर आंद्रेआस बाब्लर 2014 पासून गावच्या प्रश्नांवर ओरडत होता. 2023 मध्ये तो सोशल डेमोक्रॅट पक्षाचा अध्यक्ष झाला आणि 2025 मध्ये उपचॅन्सलर. म्हणजे गावचा कारभार इथं अगदीच किरकोळ मानत नाहीत. माझ्या व्हिएन्नात मात्र बेट्सिर्कच्या, म्हणजे शहरातल्या आमच्या विभागाच्या, बैठकीला मी एकदाही गेलो नाहीये.

---

कागलकर_इनकाठी

सुनंदाताई, काय लिहिलंत! बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. कार्डाचा भाग दोनदा.

आजवरचं: डोरिसवर बघितलं. कुरण ग्र्युनलांडच आहे, आणि आराखड्यात बाण आहेत, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. आमच्या बाजूला नाहीत. पाण्याच्या नकाशात बरोबर कुरणाच्या मधून निळी रेघ येते आणि आमच्या इमारतीच्या कोपऱ्यापाशी संपते. आजी म्हणतात तिथंच तळघरात ओल असते.

ग्रुंडबुखचा उतारा काढला. मालक अजून शेतकरीच. म्हणजे विक्री झालेली नाही.

पांथस्थराव, शेतकऱ्याची बहीण कुणाला दिली ते कळलं नाही, पण मुलगा परिषदेत आहे. आजींना माहीत होतंच, मीच विचारलं नव्हतं.

घरमालकाला फोन केला. तो शेर्डिंगला राहतो, त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. दहा सेकंद शांत होता, मग इतक्या वेगानं इन्फिएर्टेलच्या बोलीत बोलायला लागला की मला फक्त "पार्किंग" आणि "आडवोकाट" एवढंच कळलं.

दोन गोष्टी राहिल्या. शेतकऱ्याचा मुलगाच परिषदेत असेल तर तो त्या विषयावर मत देऊ शकतो का? आणि पालिकेकडं त्या दुकानसाखळीनं काही पत्र, आराखडा दिलाय का हे मला मागता येतं का, की ते गुपित?

---

सुनंदा_लिंत्सपलीकडची

मुलाला मत देता येत नाही. बापाच्या फायद्याचा विषय असेल तर त्याला बेफांगन, म्हणजे हितसंबंध गुंतलेला, म्हणतात, त्यानं सांगून बाजूला व्हायचं असतं आणि त्याच्या जागी त्या यादीतला राखीव बसतो, माझ्यासारखा. बैठकीला गेलास तर हे झालं का ते वहीत लिहून घे, मागच्या खुर्चीत बसून लिहिणारा माणूस दिसला की सगळेच नियम जास्त पाळतात. नंतर इतिवृत्त मिळतं, त्याच्याशी ताडून बघ.

गुपित आता राहिलेलं नाही. जवळजवळ शंभर वर्षं ऑस्ट्रियाच्या घटनेतच सरकारी गुप्तता लिहिलेली होती, ती 1 सप्टेंबर 2025 पासून गेली. आपल्याकडं माहितीचा अधिकार 2005 मध्ये आला, यांना वीस वर्षं जास्त लागली, हे मी परिषदेत एकदा बोलून दाखवलं आणि कुणी हसलं नाही. नागरिक असायची अट नाही, कुणीही मागू शकतो, साधा ईमेल पुरतो, चार आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. तुमचं गाव 5,000 च्या वर आहे ना? मग सार्वजनिक महत्त्वाचे तज्ज्ञ-अहवाल, मोठे करार वगैरे त्यांनी न मागताही प्रसिद्ध करायचे आहेत. लहान गावांना तेवढी सूट आहे, मागितल्यावर द्यावंच लागतं. दुकानसाखळी म्हणेल आमची व्यापारी गुपितं आहेत, त्यामुळे काही पानं काळी करून येतील. "पत्रव्यवहार झाला आहे का, कोणत्या तारखांना" एवढंच आधी विचार. तारखा कुणाला काळ्या करता येत नाहीत.

आराखड्यात तुमच्या बाजूला बाण नाहीत ही मोठी गोष्ट आहे. आता नुसता जमिनीचा प्रकार नाही, आराखडाही बदलावा लागेल, आणि राज्याचे अधिकारी त्याचं कारण मागतात. पत्रात पहिलं वाक्य हेच घाल, पाणी दुसरं. घसरगाड्या शेवटी घाल, पण घालच. परिषदेतल्या निम्म्या लोकांची नातवंडं तिथंच असतील.

पत्र मराठीत लिहून मला खासगीत पाठव, जर्मन मी करून देते. सही मात्र घरमालकाची वर आणि तुझी त्याच्याखाली.

---

कागलकर_इनकाठी

पाठवलं. आजी म्हणतात त्यांचीही सही घ्या, आणि त्यांच्या बहिणीची, जी शेतकऱ्याची चुलती लागते. घ्यावी का?

---

इन्सब्रुकचा_पांथस्थ

तिची सगळ्यात आधी.